सराईचा कोपरा आणि मातीच्या खुर्च्या

वडसा

वडसा स्टेशनात उतरले तेव्हा पत्रकाचा मथळा तयार होता: ‘क्रशर हटवा, सराई वाचवा’. आमच्या घरात मथळा आधी येतो आणि मजकूर मागून. वडील नाशिकरोडच्या एका छापखान्यात खिळे जुळवायचे. संप, मोर्चा, निषेध सभा, सगळ्यांची पत्रकं त्यांच्या हातून गेली. मी बाराखडी गिरवली ती उरलेल्या पत्रकांच्या कोऱ्या पाठीवर, आणि कागद उलटला की पुढच्या बाजूला ‘जाहीर’ हा शब्द असायचाच. आता मी स्वतः पत्रकं लिहिते. कोणी बोलावलं की जाते, पाहते, लिहिते, वाटते.

या वेळी बोलावणं प्रज्ञाचं होतं. प्रज्ञा माझी कॉलेजातली मैत्रीण, ब्रह्मपुरीची. शिकली बांधकामाचं, पण नवं काही बांधत नाही. जुन्या दगडी भिंती तपासते आणि दुरुस्त करते. तिनं फोनवर सांगितलं होतं, “बोडीटोल्याला एक सराई आहे, वाटसरूंची जुनी धर्मशाळा, गोंड राजांच्या काळातली म्हणतात. गावाचं वाचनालय तिच्यात चालतं. या पावसाळ्यात एक कोपरा फाटला. ‘धोकादायक’ म्हणून पंचायतीनं दाराला कागद लावलाय, पाडायचं चाललंय. मी तपासून काय सांगते यावर सगळं अडलंय. मागं टेकडीवर गिट्टीचा क्रशर आहे, सुरुंग लावतात. ये तू.”

सुरुंग म्हटल्यावर मला आणखी काय हवं होतं?

वडसा हे तांदळाचं आणि नाटकाचं गाव. दिवाळी सरली की इथल्या रस्त्यांवर नाटक मंडळांची कार्यालयं उघडतात आणि झाडीपट्टीतल्या, म्हणजे पूर्व विदर्भाच्या या जंगलपट्ट्यातल्या, गावोगावची माणसं नाटक ठरवायला येतात. आमच्याकडे लग्नाचा बँड ठरवायला जसं जातात, अगदी तसंच. घासाघीस, चहा, नायिका कोण, गाणी किती. भिंतभर फलक होते. प्रत्येक नाटकाच्या नावात कुंकू, सून नाहीतर रक्त होतंच. मी हसले. चहावाल्याला ते लागलं असावं.

“हसून राह्यल्या मॅडम, पण पाहिलं काय कधी?”

“नाही पाहिलं.”

“मंग कायले हसता? पुरं नाटक पाहा, रडा, मंग हसा.”

हे मी मुकाट्यानं ऐकून घेतलं. न पाहता मत देणाऱ्यांवर मी स्वतः पत्रक काढलेलं आहे.

बोडीटोला

वडशाहून प्रज्ञाच्या स्कुटरवर मागं बसून निघाले. धान कापून झालं होतं. बांध्यांमधून, म्हणजे भाताच्या खाचरांतून, धानाचे पुंजणे रचलेले, गोल, टोकदार, लांबून झोपड्यांसारखे दिसणारे. मोहाची आणि पळसाची झाडं, मधेच एखादी बोडी, म्हणजे गावतळं, तिच्यात पांढरी कमळं आणि बुडून बसलेल्या म्हशी. नाशिककडे शेत म्हटलं की मला द्राक्षाच्या मांडवाच्या तारा दिसतात. इथं डोळ्याला कुठं तारच अडत नव्हती. फक्त गावाच्या पाठीशी एका टेकडीचा अर्धा भाग कापल्यासारखा होता आणि त्यावर पांढरी धूळ उभी होती. मी प्रज्ञाच्या खांद्यावर हात मारून म्हटलं, “हाच ना तो?”

“हो. पण आधी भिंत बघू.”

सराई गावाच्या तोंडाशीच आहे. तांबूस पिवळ्या दगडाची, बसकी, रुंद. तीन कमानी, आत एक लांब दालन, वर गच्ची. दगड असा घडवलेला की दोन दगडांमध्ये चुन्याची रेघच काय ती दिसावी. आणि उजव्या हाताचा पुढचा कोपरा मात्र बाकीच्या भिंतीशी भांडण झाल्यासारखा वेगळा झालेला. जमिनीजवळ बोटभर असलेली फट पायऱ्यापायऱ्यांनी वर चढत गच्चीपाशी हात जाईल एवढी झाली होती.

कमानीखाली सुमनबाई उभ्या होत्या. अंगणवाडीत सेविका म्हणून आयुष्य काढून निवृत्त झालेल्या. घरात बाबासाहेबांची तसबीर आणि सराईत पुस्तकांची कपाटं, दोन्ही त्यांनीच लावलेली. गावातल्या मुली या दालनात बसून पोलीस भरतीचा, नर्सिंगचा, तलाठ्याच्या परीक्षेचा अभ्यास करतात. करत होत्या. कागद लागल्यापासून त्या गुरांच्या गोठ्यात बसतात. एका बाजूला भरतीची प्रश्नोत्तरं, दुसऱ्या बाजूला रवंथ.

“पाडू द्या की, नवं सभागृह मिळेल, असं पंचायत म्हणते ना?” मी मुद्दाम विचारलं.

सुमनबाईंनी माझ्याकडे पाहिलं. “बाजूच्या गावाले भेटलं ना सभागृह. चार खांब हायेत. वेल चढले त्याच्यावर, वालाच्या शेंगा लय येतात. माह्या पोरी सभागृह होईस्तोवर आज्या होतील, बाई. मले हेच छत पाह्यजे, आन् याच साली पाह्यजे. भरती काय थांबते आमच्यासाठी?”

खरं सांगते, मला क्षणभर अडचण वाटली. पोलिसांवर मी किती पत्रकं लिहिलीत, आणि इथं मी मुलींना पोलीस व्हायला जागा मिळावी म्हणून आले होते. पण सुमनबाईंच्या शेजारी उभी असलेली एक मुलगी गोळाफेकीचा गोळा कडेवर लेकरू घ्यावं तसा घेऊन उभी होती. तिला विचारलं, पोलीसच का? ती म्हणाली, “ठाण्यात आमच्यासारखं कोणी बसलं पाह्यजे का नाई?” मी तिचं वाक्य वहीत तसंच उतरवून घेतलं.

तेवढ्यात मोठ्या आवाजात कोणी तरी “या या या जी!” म्हणत आलं. हे गजाननभाऊ, गावच्या नाटक मंडळाचे अध्यक्ष. दरवर्षी मंडईच्या, म्हणजे दिवाळीनंतरच्या गावजत्रेच्या, दिवशी सराईपुढच्या पटांगणात नाटक होतं. बाहेरून कंपनी आली तरी खलनायकाचं एक काम गजाननभाऊंना द्यावंच लागतं, नाहीतर ते पटांगण देत नाहीत. मिशी खरी, हसणं खलनायकाचं. सराई वाचवा म्हणणाऱ्यांत सगळ्यात पुढं तेच होते. “सराई गेली तं नाटकाची शान गेली,” ते म्हणाले. “आवाज ह्या भिंतीवर आदळते ना, मंग मागच्या बाईलेही ऐकू येते. क्रशरवाल्याले सोडू नका, मॅडम. त्याच्या बारूदानंच फाटली.”

बोलताबोलता ते मला पटांगण दाखवायला निघाले, आणि मी, टेकडीकडे बघत चालणारी, सरळ एका चरात गेले. गुडघाभर खोल. घोटा मुरगळला, झोळी उलटी झाली. पटांगणात फावडी घेतलेली माणसं होती, ती हसायला लागली.

“नाटकाले टाइम हाये अजून,” एक जण म्हणाला, “मॅडमनं आत्ताच सीट धरली!”

तर ही इथली पद्धत. झाडीत नाटकाला खुर्च्या भाड्यानं आणायच्या आधीपासून खुर्च्या जमिनीत खणतात. ओळीनं चर काढायचे. चरात पाय सोडायचे, काठावर बसायचं, मागच्या ओळीच्या मातीला पाठ टेकवायची. मातीच्या खुर्च्या! घोटा चोळत मी तिथंच बसून पाहिलं. पाठीला गार माती लागत होती. नाट्यगृहातल्या गाद्यांवर मला कधी एवढं नीट बसता आलेलं नाही. मी गजाननभाऊंना म्हटलं, “यावर तर वेगळं पत्रकच काढायला हवं.”

“काढा ना जी! फोटोसकट काढा!”

कोपरा

दुसऱ्या दिवशी प्रज्ञा भिंतीला लागली, आणि मी लंगडत तिच्या मागं. सोबत सिंदेवाहीहून आलेले भाऊराव मिस्त्री. प्रज्ञाचं त्यांच्याबरोबरचं हे तिसरं-चौथं काम. दोघं एकमेकांशी कमी बोलतात आणि जास्त भांडतात. जुन्या दगडी भिंतीला दोन अंगं असतात, बाहेरचं आणि आतलं, आणि मधे चुन्यात कालवलेली दगडगोट्यांची भर. प्रज्ञा लहान हातोडीनं ठोकत चालली होती. जिथं भर शाबूत तिथं आवाज भरीव, जिथं चुना धुऊन गेला तिथं रिकाम्या रांजणासारखा. कोपऱ्यापाशी सगळं रांजण.

“इथी पोट फुगलं तिचं,” भाऊराव ओळंबा सोडून म्हणाले.

“फुगलं नाई भाऊ, खाली बसलं. खाली बसलं म्हणून वर उघडलं.”

“मी तेच म्हणून राह्यलो.”

“तुम्ही फुगलं म्हणाले.”

“बरं बाई, बसलं. तू शिकली, मी फुगवतो.”

मी टेकडीकडच्या भिंतीपाशी वाट पाहत होते. सुरुंगानं हादरली असेल तर आधी हीच हादरली पाहिजे ना? माझा कॅमेरा तयार होता. प्रज्ञा आली, ठोकत गेली, शिडीवर चढली, उतरली आणि म्हणाली, “ही ठणठणीत आहे.”

“नीट बघ.”

“नीटच बघितलं. धक्क्यानं तडे गेले तर ते विखुरलेले असतात, जिथं जिथं कमजोर तिथं तिथं. कमानीच्या चाव्या, म्हणजे माथ्यावरचे मधले दगड, ढिल्या होतात. इथं तिन्ही कमानी शाबूत. बिघाड आहे तो एकाच कोपऱ्यात, आणि सगळ्या फटी त्याच कोपऱ्याकडं वाट दाखवतात. रोग पायाखाली आहे.”

मला राग आला. प्रज्ञाचा नाही, भिंतीचा. इतक्या लांब येऊन भिंत आपल्या बाजूनं बोलायला तयार नाही, हा कसला न्याय!

खड्डा

पाया बघायचा म्हणजे शेजारी खणायचं. भाऊरावांनी कोपऱ्याला लागून जपून खड्डा घेतला. फावडं लोण्यात जावं तसं जात होतं. चार हात पलीकडं, चर न खणलेली जमीन पहारीनं फोडावी लागते. इथं माती भुसभुशीत, ओली, काळी. आणि त्या मातीतून एकेक वस्तू वर यायला लागली. खर्रा, म्हणजे घोटलेली सुपारी-तंबाखू, बांधून येतो ते प्लास्टिकचे तुकडे, असंख्य. शेंगांची टरफलं. फुटक्या बांगड्या. नाटकाच्या तिकिटांचे अर्धे तुकडे, कुजून मऊ झालेले. एक लहान मुलाची चप्पल. पुन्हा खर्रा. थरावर थर, पायाच्या तळच्या दगडापर्यंत.

बघायला मुली जमल्या होत्या. गोळावाली म्हणाली, “हे तं नाटकाच्या खुर्च्यांतलं हाये.”

प्रज्ञा खड्ड्यात उतरली, पायाच्या दगडाखाली हात घातला. कोपरापर्यंत हात आत गेला. खाली पोकळी होती.

मग तिनं पटांगणात येऊन जुन्या माणसांना विचारत विचारत सगळं जुळवलं. पूर्वी पटांगण मोठं होतं. खुर्च्यांच्या ओळी सराईपासून लांब सुरू व्हायच्या. मग सिमेंटचा रस्ता झाला, त्यानं अर्धं पटांगण खाल्लं, आणि ओळी दरवर्षी सराईकडे सरकत आल्या. पहिल्या ओळी थेट पायाला भिडल्या. नाटक झालं की चर आहे त्या मातीनं आणि कचऱ्यानं बुजवायचे. रस्ता उंच, पटांगण खोल, त्यामुळे पावसाचं पाणी जाणार कुठं? भुसभुशीत चरातून थेट पायाखाली. दरवर्षी थोडी माती वाहून जायची. या पावसाळ्यात कोपऱ्याच्या खाली काही उरलंच नाही.

सुमनबाई खड्ड्याच्या काठावर बसून तिकिटाचा एक तुकडा बोटानं पुसत होत्या. “आपणच पोखरली म्हणा,” त्या म्हणाल्या. “आन् वर बसून टाळ्या वाजवल्या.”

गजाननभाऊ दुपारी माझ्याकडे आले. मी सुमनबाईंच्या ओसरीवर जेवत होते: भात, लाखोळीची डाळ, वांग्यात सुकट झिंगे, जवसाची चटणी. इथं सकाळी भात, दुपारी भात, रात्री भात. मी एकदा भाकरी मिळेल का विचारलं तर सुमनबाईंनी आजारी आहात का म्हणून कपाळाला हात लावून पाहिला होता.

गजाननभाऊ जवळ बसले. आवाज पहिल्यांदाच खाली होता. “मॅडम, एक बोलू? क्रशरचंच नाव लिवा ना. काय जाते तुमचं? धूळ तं त्याची हायेच. पुंजण्यावर बसते, लेकरं खोकलतात. थो काही संत नाई. पुरं गाव सही करते. सराई बी वाचते, क्रशर बी जाते, आन् आमचं नाटक बी राह्यते.”

“आणि प्रज्ञा?”

“त्या तुमच्या मैत्रीण हायेत. तुमी बोलसान तं ऐकतील.”

हे मी लपवून ठेवणार नाही: मथळा माझ्या डोक्यात अजून होता, आणि तो उत्तम मथळा होता. क्रशरची धूळ खरी होती. खोकला खरा होता. एक ओळ खोटी लिहायची, बाकी सगळं खरं. पण उद्या कोपऱ्याचं खोटं उघडं पडलं की धुळीचं खरंही कोणी ऐकणार नाही. आणि क्रशर गेला, चर राहिले, तर पुढच्या पावसात भिंत मुलींच्या डोक्यावर येईल. त्या वेळी माझं पत्रक कुठल्या कपाटात असेल?

मी म्हटलं, “भाऊ, क्रशरवर लिहीन. धुळीचं, खोकल्याचं, पुंजण्यांचं. माझ्या नावानं लिहीन. पण हा कोपरा त्यानं पाडला असं लिहिणार नाही.”

ते उठले. “म्हणजे आमीच चोर.”

“चोर नाही. पण चर तुमचे.”

“आमच्या आज्याच्या काळापासून खणून राह्यलो खुर्च्या!” आवाज परत आला होता, गल्लीभर. “तवा नाई पडली सराई. तुमचा पाय लागला आन् आमी चोर झालो!”

सुमनबाई आतून म्हणाल्या, “जेवून राह्यल्या त्या गजानन. खलनायक मंडईले कर.”

सभा

सभा सराईपुढंच भरली. गंमत अशी, की लोक सवयीनं मातीच्या खुर्च्यांतच बसले, चरात पाय सोडून. प्रज्ञानं उभं राहून फटी दाखवल्या, खड्डा दाखवला, खड्ड्यातून निघालेलं सगळं एका पोत्यावर मांडून दाखवलं. तिच्या बोलण्यात एकही विशेषण नव्हतं. मला ते आवडत नाही, पण त्या दिवशी त्याची ताकद कळली.

शेवटी ती म्हणाली, “पाडायची गरज नाही. टेकू देऊन कोपरा धरता येतो, खाली नवा पाया घालता येतो, भिंत चुन्यानं भरता येते. मी तसं लिहून देते. पण एका अटीवर. भिंतीपासून रस्त्यापर्यंत इथं पुन्हा खणायचं नाही. कधीच नाही. पाणी बाहेर काढायला नाली काढायची. हे कबूल नसेल तर मी दुरुस्ती करणार नाही, कारण ती टिकणार नाही.”

गलका झाला. नाटक कुठं करायचं? बोडीपलीकडच्या बांध्यांत? तिथं आवाज उडून जातो. मंडई तोंडावर आली. चर खणून झालेत. पिढ्यान्‌पिढ्यांची जागा आहे. एका म्हाताऱ्यानं विचारलं, “वाचनालय दुसरीकडं न्या ना. पुस्तकाले काय, कुठीबी वाचता येते. नाटकाले जागा लागते.”

मी उभी राहिले. घोटा दुखत होता. भाषण पाठ केलं नव्हतं. मी म्हटलं, मी तुमच्या खुर्चीत पडले आणि मग तिच्याच प्रेमात पडले. नाटक बंद करा असं कोणी म्हणत नाही. पण या भिंतीला पाय नाहीत, ती सरकू शकत नाही. खुर्च्या तर तुम्ही दरवर्षी नव्या खणता. मग सरकायचं कोणी? आणि उद्या ही पडली तर क्रशरवाला हसेल. म्हणेल, यांनी आपल्या हातानं पाडली आणि नाव माझं घेत होते.

शेवटचं वाक्य लागलं. क्रशरवाला हसलेला त्या गावात कोणालाच चालणार नव्हता.

गजाननभाऊ मिशीवर हात ठेवून बसले होते. मग चरातून उठले, कोपऱ्याशी गेले, खड्ड्यात वाकून पाहिलं. सगळे त्यांच्याकडे बघत होते, आणि त्यांना ते ठाऊक होतं, नट माणूस. पण वळले तेव्हा चेहरा नाटकातला नव्हता.

“बोडीपलीकडची बांधी माही हाये,” ते म्हणाले. “धान निघालं. तिथी खणू. आवाजाचं पाहू मंग. ओरडू आणखी जोरानं.” आणि फावडीवाल्यांकडे बघून, “काय पाहून राह्यले? बुजवा हे. आन् खर्रा टाकाल तं याद राखा.”

चुना

काम सुरू झालं ते मी राहून पाहिलं. हे वाचणाऱ्यांपैकी बहुतेकांनी दगडी भिंतीला नवा पाया घालताना पाहिलं नसेल, म्हणून सांगते. भिंत उभी, आणि तिच्या पायाखालची माती काढायची. साल वृक्षाच्या लाकडाचे तिरके टेकू देऊन कोपरा आधी तोलून धरला. मग एका वेळी हातभर रुंदीचंच खणायचं, तळाला घट्ट जमीन लागेपर्यंत. तेवढ्यातच दगड बसवायचे, ठोकून पाचर मारायची, मग मधलं सोडून पलीकडचं हातभर. एकदम सगळं खणलं की सगळं खाली. घाई करणारा माणूस इथं चालत नाही, आणि मी घाई करणारी. भाऊरावांनी मला चुन्यावर बसवलं.

“मॅडम, तुमच्या हाताले काम पाह्यजे, नाईतं तोंड चालते,” म्हणाले.

चुना विरवून ठेवलेला होता. त्यात वाळू आणि विटेची भुकटी मिसळून मळायचं, गुळाच्या पाण्याचा हात द्यायचा. कोणी तरी सिमेंटची गोणी आणली होती, लवकर होईल म्हणून. प्रज्ञानं ती परत पाठवली. मऊ दगडाला कडक सिमेंट लावलं की सिमेंट टिकतं आणि दगड झिजतो, पाणी आत अडकतं. दोन्ही अंगं पुन्हा धरून ठेवायला भिंतीच्या आरपार जाणारे लांब दगड घातले, आणि भरीतल्या पोकळ्यांत पातळ चुना ओतला. भिंत किती प्यायली! मुली घागरीमागून घागरी देत होत्या आणि वरून आवाज यायचा, “आणखी. आणखी. तहान गेली नाई हिची.”

मी परत निघाले तेव्हा कोपरा ओल्या गोणपाटात गुंडाळलेला होता आणि टेकू जागेवर होते. चुना सावकाश धरतो. त्याला वेळ द्यावा लागतो, आणि तो दिला नाही तर तो काही देत नाही.

माघात पुन्हा

टेकू काढायचे त्या दिवशी मी मुद्दाम गेले. मधल्या काळात मंडईचं नाटक बोडीपलीकडं झालं होतं. चांगलं झालं का? “आवाज उडाला,” सगळ्यांनी सांगितलं. मागच्या ओळींना गाणी ऐकूच आली नाहीत. गजाननभाऊ मारामारीत एवढे ओरडले की दोन दिवस त्यांना बोलता येत नव्हतं. हे नुकसान खरं आहे आणि ते मी इथं लिहून ठेवते. सराईच्या भिंतीवरून परतणारा तो आवाज आता कोणी ऐकणार नाही.

क्रशरचं पत्रक मी लिहिलं. धुळीचं, खरं तेवढंच. क्रशर अजून चालू आहे. मीही.

भाऊरावांनी खालच्या पाचरी एकेक करून ठोकून सैल केल्या. प्रज्ञा फटीच्या जागेवर हात ठेवून उभी होती. तिनं ती फट लपवली नव्हती, फिकट चुन्याची रेघ भिंतभर स्पष्ट दिसत होती. शेवटची पाचर निघाली. टेकू भिंतीपासून सुटून दोघा गड्यांच्या हातात आला. वरून चिमूटभर धूळ पडली. मग काहीच झालं नाही. काहीच न होणं इतकं सुंदर असतं हे मला माहीत नव्हतं.

“धरलं,” भाऊराव म्हणाले.

“बसलं,” प्रज्ञा म्हणाली.

“बरं बाई, बसलं.”

गोठ्यातून टेबलं यायला लागली. दाराचा कागद निघाला होता, पंचायतीनं प्रज्ञाचं म्हणणं मान्य केलं होतं. तेवढ्यात गजाननभाऊ पटांगणात उभे राहून, पायानं जमीन दाबून बघत, अगदी गोड आवाजात म्हणाले, “आता पाया तं लोखंडासारखा झाला, नाई का जी? मंग पुढच्या साली... भिंतीपासून थोडं लांब... दोन-चार ओळी?”

प्रज्ञा तोंड उघडणार, त्याआधी सुमनबाई टेबल खाली ठेवून वळल्या.

“खण ना गजानन. पण पहिली खुर्ची माह्या छाताडावर खण.”

मुली हसल्या. गजाननभाऊही हसले, पण कसनुसे. “बाई, हा डायलॉग कोणी लिवून देल्ला तुमाले?”

“तुले पाहून सुचला. धर इकडून.”

त्यांनी टेबलाचं एक टोक धरलं, सुमनबाईंनी दुसरं. कमानीशी येऊन गजाननभाऊ उंबऱ्यावर थांबले आणि मान वर करून त्या कोपऱ्याकडं बघत राहिले. दगड, त्यांच्यातून चढत गेलेली फिकट रेघ, वर गच्ची.

मागून सुमनबाईंनी टेबल ढकललं.

“चाल पुढं. पोरींचा टाइम जाऊन राह्यला.”